चाळीस आकडे

मुंगी वाफेच्या टाकीची शिडी चढायला लागली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि कागद कारखान्याच्या मेंटेनन्स साहेबांनी तोवर तीनदा घड्याळ बघून घेतलं होतं. वर्षातून एक दिवस टाकी बंद ठेवून तपासायची असा नियम होता. साहेबांच्या मते तो एक दिवसही जरा जास्तच होता.

"मॅडम, चारला टाकीत वाफ सोडायचीय," ते खालून म्हणाले. "तुमचे काका दोन तासांत मोकळे व्हायचे."

"मला थोडा वेळ लागतो," ती म्हणाली आणि वर बघून पुढची पायरी धरली.

मुंगी हे तिचं घरचं नाव. लहानपणी कपाटापासून गच्चीवरच्या पिंपापर्यंत दिसेल त्यावर चढायची, म्हणून काकांनी ठेवलेलं. वडील लवकर गेले, तेव्हा काकांनीच तिला वाढवलं आणि पुढे आपल्या धंद्यालाही लावलं. कारखान्यांतल्या वाफेच्या, हवेच्या टाक्या तपासायच्या आणि चालवायला ठीक आहेत की नाहीत ते लिहून द्यायचं, हा तो धंदा. दहा वर्षं दोघांनी कामं वाटून घेतली होती. ही टाकी काकांच्या वाट्याची. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी 'आता पुरे' म्हणून सगळ्या फायली तिच्या टेबलावर आणून ठेवल्या, त्यामुळे ती इथे पहिल्यांदाच आली होती.

टाकी दोन मजली उंच, चार जाड पायांवर उभी. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून अंगाभोवती काचेच्या लोकरीचा थर आणि त्यावर चकचकीत पत्रा. पत्र्यात ठिकठिकाणी तळहाताएवढी झाकणं, एकूण चाळीस. झाकण उघडायचं, आतलं पोलाद पुसायचं, त्यावर जेलचा थेंब लावायचा आणि यंत्राची चकती टेकवायची. आवाजाची लहर पोलादाच्या पलीकडच्या कडेवर आपटून परत येते आणि जाडी किती ते यंत्रावर उमटतं. नवी असताना ही टाकी बारा मिलिमीटर जाड होती. आठच्या खाली गेली, तर ती चालवायची नाही.

खालची तीस झाकणं फिटरने सकाळीच उघडून ठेवली होती, त्या जागा सरळ गेल्या. अकरा पूर्णांक एक, अकरा, अकरा पूर्णांक दोन. काकांच्या अहवालातल्या आकड्यांपेक्षा किंचित कमी, म्हणजे पोलाद जेवढं झिजावं तेवढंच झिजलं होतं.

वरच्या पट्ट्यात आल्यावर तिचा हात थांबला. एकतिसाव्या झाकणाच्या स्क्रूंवर चंदेरी रंगाचा अखंड थर होता. तिने शेजारचं झाकण बघितलं, त्याच्या शेजारचं बघितलं. दहाही झाकणांची तीच गत. स्क्रूच्या खाचा रंगाने बुजलेल्या.

"लंबू," तिने शिडीखाली उभ्या असलेल्या फिटरला विचारलं, "टाकीला रंग कधी दिला होता?"

फिटर जेमतेम पाच फूट उंच होता. त्याला लंबू म्हणायला कुणी सुरुवात केली ते त्यालाही आठवत नव्हतं. "तीन वर्षं झाली की मॅडम," तो म्हणाला. "शेडला दिला तेव्हाच."

म्हणजे तीन वर्षांत ही झाकणं कुणी उघडलीच नव्हती. तिने कमरेच्या पिशवीतून फायलीच्या झेरॉक्स काढल्या. गेल्या वर्षीचा अहवाल, त्याच्या आदल्या वर्षीचा, त्याच्याही आदल्या वर्षीचा. चाळीस आकडे. तिन्ही वर्षी तेच चाळीस, तेही दशांश चिन्हापुढच्या अंकासकट. माणूस तोच, यंत्र तेच, जागा तीच असली तरी चाळीसच्या चाळीस वाचनं कधी जुळत नाहीत. एखादा बिंदू तरी इकडेतिकडे होतोच. त्याआधीच्या, चार वर्षांपूर्वीच्या अहवालातही तेच आकडे होते; तो तेवढा खरा होता. पुढचे तीन त्यावरून उतरवून काढलेले होते. प्रत्येकाखाली काकांची सही होती, नेहमीसारखी शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली.

"लंबू, वर ये. पक्कड आण, आणि पत्रा कापायची कात्री."

खाली मेंटेनन्स साहेब एकदम जागे झाले. "कापायचं कशाला? काकांच्या अहवालात तर वरचा पट्टा एकदम उत्तम आहे."

"मला बघायचंय, साहेब."

"पत्रा पुन्हा बसवायला माझा उद्याचा दिवस जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. एवढं तुटक बोलायची तिला सवय नव्हती.

झाकण निघालं तसं आतून पाणी गळलं. सुरुवातीला थेंब थेंब, मग तपकिरी धार. वरून येणारी नळी जिथे टाकीत शिरत होती तिथला पत्र्याचा सांधा उकलला होता. त्यातून छतातून गळणारं पावसाचं पाणी आत जाऊन लोकरीत मुरलं होतं. टाकी चालू असली की ते वाफाळायचं, दर आठवड्याच्या सुट्टीला थंड झाली की पुन्हा साचायचं. बाहेरून पत्रा आरशासारखा चकचकीत. लंबूने हातभर लांब तुकडा कापला, भिजलेली लोकर ओढून काढली आणि पोलादाला नुसता हात लावला, तर गंजाचे पापुद्रे जुन्या वहीच्या पानांसारखे सुटून खाली पडले.

तिने जागा घासून साफ केली. चकती टेकवली. सहा पूर्णांक तीन. एक वीत बाजूला, पाच पूर्णांक आठ. नळीच्या जोडाखाली यंत्र जरा वेळ अडखळलं आणि मग आकडा स्थिर झाला. चार पूर्णांक नऊ.

तिने पुन्हा जेल लावून पुन्हा मोजलं. तेच.

लंबूने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खाली. टाकीच्या पायांपासून दहा हातांवर लगद्याच्या यंत्रांची रांग होती. एका पाळीला तिथे चौदा माणसं उभी असत. त्यात त्याचा धाकटा भाऊही होता.

"काल संध्याकाळपर्यंत चालू होती ही," तो हळूच म्हणाला.

"काका वर यायचे का रे?" तिने विचारलं. "खरं सांग."

लंबूने कात्री या हातातून त्या हातात घेतली. "यायचे की, पूर्वी. मग एकदा चौथ्या पायरीवर त्यांना घेरी आली. मी धरलं म्हणून बरं. त्यानंतर खाली खुर्चीवर बसूनच लिहायचे. मला म्हणाले, कुणाला बोलू नकोस. मला वाटलं, मोठी माणसं, त्यांना बसल्या जागी कळत असेल."

ती खाली उतरली, टाकीच्या मुख्य झडपेला लाल पट्टी बांधली आणि कुलूप घातलं. मेंटेनन्स साहेबांना तिने सगळे आकडे दाखवले. साहेब बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. घड्याळाकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

"पण सही तर तुमच्याच घरची आहे," शेवटी ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "तसं मी अहवालात लिहिणार आहे."

गाडीत बसल्यावर मात्र चावी लावायची सोडून ती तशीच बसून राहिली. काकांची ही एकच फाईल नव्हती. कपाटात सव्वीस फायली होत्या. आठ महिन्यांत तिच्या हातून अकरा झाल्या होत्या, त्याही बहुतेक जमिनीवरच्या बुटक्या टाक्या. बाकीच्या या क्षणी चालू होत्या, कुणाच्या तरी डोक्यावर, काकांच्या सहीच्या भरवशावर.

सगळ्या फायली उचलून ती काकांच्या घरी पोचली तेव्हा काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. काका खुर्चीत पेपर वाचत होते. तिला अवेळी आलेली बघून त्यांनी चष्मा काढला.

"झाली का गं टाकी?"

"चार पूर्णांक नऊ," ती म्हणाली.

काकांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. "यंत्र तपासलंस का? गंजावर कधीकधी खोटं दाखवतं."

"दोनदा तपासलं. काका, एकतिसाव्या झाकणावर रंग आहे."

गॅलरीतून काकू आत आल्या, हातात ओला टॉवेल. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मला ओरडायचंय तुमच्यावर," मुंगी म्हणाली. तिचा आवाज मात्र चढला नाही. "ते मी नंतर ओरडेन. आधी मला सांगा, अशा किती टाक्या आहेत."

"सगळ्या नाहीत," काका म्हणाले. "ज्यांना खालून हात पोचतो त्या मी मोजल्यात, देवाशपथ. फक्त उंचावरच्या..." ते थांबले. "मला वाटायचं, पुढच्या खेपेला बरं वाटेल. पुढच्या खेपेला चढू. चौदा वर्षं त्या टाकीत काही निघालं नव्हतं, मुंगे."

"मला का नाही सांगितलंत? मी चढले असते."

"तुला काय सांगू? शिडी बघितली की माझे पाय लटपटतात म्हणून?"

काकू खाली बसल्या. घेरीचं त्यांनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून नवऱ्याने शिडीच्या भीतीची एवढी गोष्ट लपवली, हेच त्यांना आधी कळेना. बाकीचं त्यांच्या डोक्यात मागाहून शिरलं, आणि मग त्यांनी तो ओला टॉवेल तोंडावर धरला.

फायली उलगडून दोघं जमिनीवरच बसली. काका एकेक पान बघत आणि बोट ठेवत. ही मोजली. हीही मोजली. ही नाही. नाही म्हणताना त्यांचा आवाज दर वेळी थोडा बसत गेला. कागद कारखाना सोडून आठ टाक्या निघाल्या.

मुंगीने पहिल्या कारखान्याला फोन लावला. "तुमची टाकी आत्ता बंद करावी लागेल," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा अहवाल धरू नका." पलीकडचा माणूस भडकला. कारण काय, कुणी सांगितलं, लेखी आहे का. ती शब्द जुळवत राहिली. काकांचं नाव काही तिच्या ओठांवर येईना. समोर बसलेल्या काकांनी हात पुढे केला. तिने फोन दिला नाही, तेव्हा त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"मी बोलतोय," ते म्हणाले आणि आपलं नाव सांगितलं. "तो अहवाल खोटा आहे. मी वर चढलोच नव्हतो. तुमची माणसं टाकीपासून लांब घ्या आणि वाफ उतरवा. मग मला काय हवं ते बोला."

पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. काका मान खाली घालून ऐकत राहिले. मग त्यांनी पुढचा नंबर विचारला. सातही ठिकाणी त्यांनी तेच वाक्य सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

आठवा फोन उचलला जाईना. ती हॉस्पिटलांचे कपडे धुणारी मोठी लाँड्री होती. तिथली टाकी इस्त्री विभागाच्या भिंतीला लागूनच उभी होती. चार वेळा लावला, घंटा वाजून वाजून बंद पडली. साडेचार झाले होते.

"चल," काका उठले.

रस्त्यात प्रत्येक सिग्नल लाल लागत होता, असं मुंगीला वाटलं. काका शेजारी बसून गुडघे घट्ट धरून होते. "त्या टाकीचा वरचा पत्रा शाबूत आहे का?" तिने विचारलं. "खालून तरी बघितलात का?" ते म्हणाले, "आठवत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "बघितलं असतं तर आठवलं असतं." लांबून कसलासा धाडकन आवाज झाला आणि तिचा पाय ब्रेकवर गेला. एका ट्रकचं मागचं फळकूट पडलं होतं.

लाँड्री सुरू होती. मालकीणबाई दारातच चादरींचे गठ्ठे मोजून घेत होत्या आणि फोन आतल्या खोलीत कपड्यांच्या ढिगाखाली होता. आत वाफेच्या धुक्यात पंधरा-वीस बाया इस्त्री करत होत्या, कुणी गुणगुणत, कुणी शेजारणीशी बोलत. भिंतीपलीकडे टाकी हलकीशी घरघरत होती. काका मालकीणबाईंजवळ गेले आणि आपलं वाक्य आठव्यांदा बोलले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग मुंगीकडे. काही न विचारता त्या आत वळल्या. "सगळ्यांनी हातातलं ठेवा आणि रस्त्यावर चला," त्या म्हणाल्या. "इस्त्र्या राहू द्या तशाच."

बॉयलर बंद झाला. मुंगी दाबाच्या काट्यासमोर उभी राहिली. साडेसहा. सहा. मधे काटा अडल्यासारखा वाटला, तिने काचेवर बोटाने टिचकी मारली. मग पाच. झडपेतून वाफ सूं करत बाहेर जात होती. काट्याला शून्यावर यायला पाऊण तास लागला. तोवर काका तिच्या मागे उभे होते. ती त्यांना बाहेर जा म्हणाली, दोनदा म्हणाली, पण ते हलले नाहीत.

पुढचे बारा दिवस ती एका टाकीवरून उतरत होती आणि दुसरीवर चढत होती. लाँड्रीची टाकी चांगली निघाली, सगळीकडे नऊच्या वर. मालकीणबाई म्हणाल्या, बरं झालं. आणि वर म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून दुसऱ्याला बोलावणार. रंगाच्या कारखान्यातली टाकी मात्र कागद कारखान्यासारखीच पोखरली होती. आणखी एकीच्या पायाच्या जोडाला केसासारखी बारीक चीर गेली होती. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती, लाल द्रव लावून पुसल्यावर रेघ उमटली तेव्हा दिसली. उरलेल्या पाच ठीक होत्या. आठांपैकी चार कारखान्यांनी तिच्याकडचं काम काढून घेतलं. कागद कारखान्याने काढलं नाही. मेंटेनन्स साहेबांनी फक्त एवढंच सांगितलं, की यापुढे वर त्यांचाही एक माणूस बरोबर येईल.

परवान्याच्या कार्यालयाला काकांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. नवांची यादी जोडली. चौकशी झाली, त्यांचा परवाना रद्द झाला, आणि पुढे खटला भरायचा की नाही ते वरिष्ठ ठरवतील असं कळवण्यात आलं. ते अजून ठरलेलं नाही. पोस्टमन घराच्या जिन्यात दिसला की काकू हातातलं काम टाकून दारात येतात.

मुंगी काकांवर ओरडलीच नाही. एक रविवार तिने त्यासाठी ठरवूनही ठेवला होता. गेली तर काका डॉक्टरकडून नुकतेच आले होते. कानाच्या आतला काही दोष होता, गोळ्यांनी आवरला जाईल असा. पहिल्या घेरीलाच दाखवलं असतं तर महिन्याभरात बरे झाले असते, असं डॉक्टर म्हणाले होते. काकांनी ते तिला सांगितलं आणि डॉक्टरची चिठ्ठी तिच्या हातात दिली.

आता ती प्रत्येक जागा दोनदा मोजते आणि झाकण उघडल्याचा फोटो काढते. वेळ दुप्पट लागतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. वर गेल्यावर, चकती टेकवल्यापासून आकडा दिसेपर्यंतच्या त्या अर्ध्या सेकंदात तिला अजूनही चार पूर्णांक नऊ दिसतात.