पाणसळीत बसवलेली दुर्बीण

चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काढलेल्या माणसाला छापील सूचना वाचायची गरज नसते, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणतोय, हे लक्षात घ्या.

दुर्बीण मी शाहूपुरीतल्या कुरिअरच्या ऑफिसातून रिक्षानं मांडीवर घेऊन आणली. आमची ही, म्हणजे शालूबाई, दारातच म्हणाली, "लोकं रिटायर झाली की तुळशीला पाणी घालत्यात. तुम्ही आभाळाला नळी लावा." मी लक्ष दिलं नाही. खोक्यात तीन फुटी नळी होती, तिपाई होती, आणि दोन्हीच्या मधे बसणारा एक ओतीव सांगाडा होता. त्याला माउंट म्हणतात. माउंटला बारकी मोटर होती. ती चालू केली की ग्रह आभाळात सरकेल तशी नळी त्याच्या मागोमाग जाते, असं खोक्यावर लिहिलं होतं. तेवढं मी वाचलं. आतलं चोपडं तसंच आत राहिलं.

हा सगळा खटाटोप आक्कासाठी होता. आक्का माझी थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम बिद्री. लग्न झालं आणि आठ महिन्यांत तिचा नवरा वारला. हिच्या पायगुणानं घरात शनी शिरला, असं म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. वर्षभरात आमची आईही गेली. मी सात वर्षांचा होतो. मला न्हाऊ-माखू घालून, शाळेत धाडून, आयटीआयला घालून माणसात आणलं ते आक्कानं. आणि तेव्हापासून दर शनिवारी शनीला तेल वाहणं तिनं चुकवलेलं नाही.

दिवाळीनंतर तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ती म्हणाली, "गणपा, आता चांगलं दिसतंय बघ. माझं घर ज्यानं खाल्लं म्हणत्यात, त्यो एकदा बघायचाय मला. लांबनं का हुईना." आयुष्यात तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

ती आली एकाच रात्रीसाठी. घरी म्हैस व्यायला झालेली, त्यामुळं सकाळच्या एसटीनं परत जाणार म्हणजे जाणार. मी दुपारीच गच्चीवर सामान मांडलं. माउंट बाहेर काढला तर त्याचा मधला कणा तिरका! एका बाजूला चांगला वर गेलेला. म्हटलं, बघा, आजकालचा माल. पॅकिंग करताना वाकवला आणि तसाच धाडला. माझ्या हाताखालचं कुठलंही मशीन पाणसळीत बसल्याशिवाय चालू झालेलं नाही. मी बोल्ट ढिला करून कणा खाली आणायला लागलो. बाजूच्या डिग्रीच्या पट्टीवर विसाच्या आकड्यापाशी तो आत कुठंतरी अटकला. खोलून बघितलं तर ओतकामातच एक उंचवटा ठेवलेला. कानस घेतली आणि दोन तास घासून तो साफ केला. मग कणा असा आडवा बसला, की पाणसळीतला बुडबुडा केसभरही हलेना. मशीनचं तोंड पूर्वेला करायचं असतं, ते केलं. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शालूबाईनं हात जोडले, पण ते नारळाला.

सातच्या सुमाराला शनी दक्षिणेला चांगला वर आलेला होता. नळी फिरवली, खटपट केली आणि एकदम सापडला. पिवळसर गोळी आणि तिच्याभोवती बारीक कडं. मोटर चालू केली आणि ओरडलो, "आक्का, ये, ये लवकर!"

आक्काच्या गुडघ्यांना लवकर हा शब्द माहीत नाही. ती स्टुलाला धरून उठली, पदर सावरला, कमरेवर हात ठेवून वाकली, चष्मा काढून शालूबाईकडं दिला, डोळा लावला. "काळं हाय सगळं," म्हणाली.

शनी निघून गेला होता. पुन्हा शोधला, पुन्हा ती वाकली, पुन्हा काळं. अर्धं मिनिट काही तो थांबेना. मोटर तर व्यवस्थित कुईं कुईं करत होती. तिसऱ्यांदा मी नळीच घट्ट धरून ठेवली, तेव्हा तर सगळंच थरथरायला लागलं.

आक्का सरळ झाली. "राहू दे रं. त्येला बी मला तोंड दाखवायचं न्हाई."

ती हे हसून बोलली. मी मोटरीला शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या. शालूबाई म्हणाली, "ते बास करा आणि कामिलकडं जावा. आभाळाकडं तोंड करून यंत्रं लावायचा धंदा त्येचा."

कामिल हे नाव आमच्या घरात पंधरा वर्षं कुणी काढलं नव्हतं. तो वर्कशॉपात माझ्या हाताखाली होता. एकदा त्याच्याकडून एक शाफ्ट माप सोडून कापला गेला. मी सगळ्यांसमोर तो भंगारात फेकला आणि म्हणालो, तुझ्यानं लेथ व्हायचा न्हाई, जा, लोकांच्या छपरावर चढून छत्र्या बसव. त्यानं ते खरं केलं. टीव्हीच्या डिश बसवायला लागला आणि चांगलं नाव काढलं. राहायला मागच्याच गल्लीत. समोर आला की मी रस्ता बदलायचो. चूक माझी होती, म्हणून जास्तच लवकर बदलायचो.

गेलो. तो जेवायला बसत होता. म्हटलं, "कामिल, माझं कायतरी चुकतंय. आक्का सकाळी जाणार हाय. येतोस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग ताटावर ताट झाकलं आणि चपला घातल्या.

गच्चीवर येऊन त्यानं टॉर्च मारला, माउंटभोवती एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला. "मेस्त्री, ह्यो कणा पाणसळीत कुणी बसवला?"

"मी. वाकडा आलता."

"अवो, वाकडाच पायजे! पृथ्वी जिच्याभोवती फिरती ती रेघ कोल्हापुरातनं उत्तरेला सतरा डिग्री वर जाती. हा कणा तिच्यासंगं धरायचा, तवाच मोटर ग्रहामागं पळती. जुन्या दहा फुटी छत्र्या मी अशाच बसवलेल्या. तुम्ही तर ह्येला पूर्वेकडं तोंड करून निजवलासा."

शालूबाई तोंडाला पदर लावून हसली. चाळीस वर्षांत मी बसवलेल्या मशीनवर असं कुणी बोललं नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. आक्काच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या, तेवढं मला दिसत होतं.

कामिलनं मोबाईलवर दिशा बघितली, तिपाई फिरवून कणा उत्तरेला केला आणि वर उचलायला लागला. सतरावर आणून तो थांबला. आत बोट घालून चाचपलं. "आतला अडथळा कुठाय? ह्यो माल थंड मुलखासाठी बनवत्यात, तिकडं ती रेघ लई वर असती. विसाच्या खाली येतच न्हाई."

"घासला मी. कानशीनं."

"म्हणून तर सतरा बसतंय!" तो मोठ्यानं हसला. "चुकीच्या कामासाठी का हुईना, पर घासलंय झकास, मेस्त्री. हात फिरवला तर खरखर लागत न्हाई."

इतकी वर्षं मी त्याला जे एकदाही म्हणालो नाही, ते तो मला म्हणत होता. मी बोल्ट आवळायला खाली वाकलो आणि तिथूनच म्हणालो, "त्या शाफ्टाचं... मी असं बोलायला नको होतं." तो म्हणाला, "बोल्ट आवळा आधी."

शनी पुन्हा धरला. मोटर लावली. मनात शंभर मोजले. गोळी मधोमध, तशीच. दोनशे मोजले, तरी तशीच. मग आक्काला हाक मारली.

ती उठली, पदर सावरला, हात कमरेवर ठेवला, चष्मा काढला. एरवी मी दहा वेळा घाई केली असती. तिनं डोळा लावला आणि दुसऱ्यावर तळहात धरला.

"गेला का गं?" मी विचारलं.

"न्हाई की. हाय. हालत न्हाई." मग कितीतरी वेळानं म्हणाली, "गणपा, ह्यो लई लांब हाय रं."

"व्हय. लई लांब."

"आणि कसा देखणा. गळ्यात कडं घालून एकटाच बसलाय. ह्यो कशाला यील रं माझ्या घरात? ह्येनं न्हाई मारलं त्येस्नी."

शालूबाईनं तिच्यामागं स्टूल सरकवलं. आक्का डोळा न काढता चाचपत बसली.

"मीबी न्हाई मारलं," ती म्हणाली.

मी कठड्याला टेकलो. कामिल हळूच म्हणाला, "आक्का, मलाबी जरा बघू द्या की."

"थांब रं पोरा," आक्का म्हणाली, "माझं अजून झालं न्हाई."