पावणेदोन तास, इम्माका

मित्रांनो, कानाकच्या विमानतळावर दाराशेजारी ठोकलेली जुनी लाकडी पाटी, ती मी. माझ्यावर निळ्या अक्षरांत लिहिले आहे, 'उपरनाविक, साडेसहाशे किलोमीटर, पावणेदोन तास'. आमच्या उत्तर ग्रीनलँडमध्ये कोणी वेळ सांगितली की पुढे 'इम्माका' जोडतात. इम्माका म्हणजे बघू, जमलं तर. मला रंगवणारा माणूस दक्षिणेकडून आला होता. तिकिटे देणारा तोबिआस त्याला म्हणाला, "खाली इम्माका लिही, नाहीतर लोक हसतील." रंगाऱ्याने ऐकले नाही, आणि मीही मनात म्हटले, बरे झाले. आपले बोलणे कसे ठाम असावे. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत, तेव्हा मी नुसती फुगून जात असे. आता ते आठवले की मेल्याहून मेल्यासारखे होते.

त्या वर्षी शिकारी इनुतेकच्या छातीत दुखू लागले. त्याला उपरनाविकच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. त्याची लेक आमालिए तिथेच राहत होती. त्याला विमानतळावर सोडायला त्याची बायको पिपालुक आली.

"पिपालुक, तूपण बस की. जागा आहे," तोबिआस म्हणाला.

"आणि कुत्र्यांना खायला कोण घालणार? कालपासून उपाशी आहेत. मी पुढच्या विमानाने येते." तिने माझ्याकडे बोट दाखवले. "पावणेदोन तासांचा तर रस्ता."

"बघ तोबिआस," इनुतेक म्हणाला, "आधी कुत्रे, मग नवरा."

"कुत्रे गाडी तरी ओढतात," ती म्हणाली. तो हसत हसतच विमानात चढला.

पुढच्या विमानाच्या दिवशी धुके उतरले. मग वारा सुटला. पिपालुक रोज बोचके घेऊन माझ्याखाली बसायची, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि परत जायची. मी आपली तिच्या डोक्यावर पावणेदोन तास, पावणेदोन तास सांगत उभी. मला मान असती तर खाली घातली असती.

एके दुपारी तोबिआस टोपी काढून बाहेर आला. आमालिएचा फोन आला होता. इनुतेक गेला होता.

पिपालुकने वर माझ्याकडे बघितले. मला वाटले, आता ही मला उपटून फेकणार. ती एवढेच म्हणाली, "हिचं काही चुकलं नाही. विमान निघालंच नाही, तर पावणेदोन तास सुरू कुठून होणार?"

मित्रांनो, तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपे गेले असते. मी खोटे बोलले नव्हते. पण खरेही अर्धेच सांगितले होते, आणि तेवढ्यावर मिरवत होते. याची लाज अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तोबिआसने स्टुलावर चढून आकड्यांखाली काळ्या रंगाने 'इम्माका' लिहिले.

बर्फ वितळायच्या दिवसांत आमालिए तान्ह्या मुलाला घेऊन आली. त्याचे नाव इनुतेक. गेलेल्या माणसाचे नाव आमच्याकडे बाळाला देतात आणि नावाबरोबर तो माणूसही परत आला असे धरतात. विमान त्या दिवशी अगदी पावणेदोन तासांत पोहोचले. पिपालुकने माझ्याखालीच बाळाला कवेत घेतले.

"आलास, म्हाताऱ्या?" ती म्हणाली. "कुत्र्यांना घालून आलेय. आता मला कुठं जायचं नाही."

माझा रंग आता उडत चालला आहे. तुम्ही कधी ब्रश घेऊन इकडे आलात, तर एक मागणे आहे. आकडे पुसट राहिले तरी चालतील. आधी तो खालचा शब्द रंगवा.