मंडळी गेली

चावीकाकांनी संध्याकाळी दोन ठिकाणी एकच निरोप धाडला, "मंडळी गेली. उद्या दहाला चर्चमध्ये या."

एक शिंप्याला, एक मास्तरांना. गीतं उभं राहून म्हणायची की बसून, एवढ्याशा गोष्टीवरून दोन वर्षांपूर्वी चर्चमध्ये फाटलं होतं. शिंपी उभ्यांचा पुढारी, मास्तर बसलेल्यांचे. तेव्हापासून रविवारी उपासना दोन, राखणदार मात्र एकच, चावीकाका. बाकं दोनदा पुसायची, गीतपुस्तकं दोनदा मांडायची. काकांचं पार कंबरडं मोडलं. ते कुणाच्याच बाजूचे नव्हते, त्यामुळे दोन्हीकडचे त्यांना पलीकडचा समजत. म्हणूनच आता एकच धास्ती होती. शवपेटी उचलायला सहा जण लागतात. आपल्या माणसाला खांदा द्यायला येणार कोण?

बायकोला ते लग्नापासून 'मंडळी' म्हणत. सगळ्यांना ठाऊक होतं. पण डोक्यात भांडण शिरलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही. शिंप्याला वाटलं, बसलेली मंडळी चर्च सोडून गेली. मास्तरांना वाटलं, उभी गेली.

दहाला चर्च गच्च भरलं. शिंपी कुलपं बदलायला माणूस घेऊन आलेला, मास्तर नव्या समितीची यादी खिशात घालून. दारातच दोघे समोरासमोर आले आणि दोघांचीही तोंडं पडली.

"तुम्ही गेला नाहीत?"

"अहो, तुम्हीच ना गेलात?"

मग त्यांना वेदीसमोरची पेटी दिसली. शेजारच्या बाकावर काका बसले होते.

"काका, आम्हाला वाटलं, मंडळी गेली म्हणजे..." मास्तरांनी यादी खिशात आणखी खोल दडपली.

"ती तर दोन वर्षांमागेच गेली, मास्तर." काकांच्या आवाजात रागवायचंही त्राण नव्हतं. "काल माझी गेली."

पाळकांनी घाईने गीताचा क्रमांक सांगितला. निम्मे सवयीने उठले, निम्मे बसून राहिले. तिच्यासमोरही तेच! काकांना रडू फुटलं, कालपासूनचं पहिलंच.

मास्तरांना ते बघवेना. ते गुडघे धरत उठले, मागोमाग त्यांचे सगळे उठले. नेमक्या त्याच वेळी शिंपी मुकाट्याने खाली बसला आणि त्याच्यामागे त्याचे सगळे बसले. पाळक पुस्तक उघडं धरून नुसते बघत राहिले. मागच्या बाकावर कुणाला तरी हसू आवरेना.

"अरे, उभे राहा नाहीतर बसा," काका म्हणाले, "पण तिला उचला. मी दमलोय रे."

उचलायला मात्र सगळेच उठले. सहा जण हवे होते, वीस पुढे आले. शिंपी आणि मास्तर एकाच कोपऱ्याला चिकटले आणि कुणीच मागे हटेना. काकांनाच जागा उरली नाही. ते मागून चालत राहिले, दोन वर्षांत पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी.