सगुणाबाईंचा नवस

संचिताला खोटं बोलता यायचं नाही. लहानपणी कपबशी फुटली की आईने विचारायच्या आधीच ही भोकाड पसरायची. तीच संचिता त्या दिवशी बाळकुमच्या घरात चपला काढता काढता म्हणाली, "काही नाही गं निघालं, आई. रिपोर्ट क्लीन आहे." आणि सगुणाबाईंनी ते खरं मानलं. आईच ती, मानणार नाही तर काय करणार?

सगुणाबाईंचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. स्वतःच्या मरणाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. पण "हा दोष आईच्या रक्तातून मुलींकडे जाऊ शकतो, दोघींची तपासणी करून घ्या," असं डॉक्टर म्हणाले आणि बाईंचं जेवणच तुटलं. पोरींना मी हेच देऊन ठेवलं का, असं दिवसभर पुटपुटत बसायच्या. संचिताच्या रिपोर्टात तो दोष होता. आज आजार नव्हता, पण पुढचा भरवसाही नव्हता. हे त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगायचं?

झालं, बाईंचा जीव भांड्यात पडला. पोरींसाठी खडवलीच्या देवीला बोललेला नवस लगेच फेडायचा म्हणून हटून बसल्या. देवळात धाकटी शिवानी ओटीचं ताट धरून हसत म्हणाली, "ताई, मी माझी टेस्ट कॅन्सल केली. तुझं क्लीन, म्हणजे माझं पण."

संचिताने शिवानीचा हात धरून तिला देवळामागे नेलं.

"माझं क्लीन नाहीये. आईसाठी तसं बोलले. तुला असेल, नसेल, पण टेस्ट कर. माझी शप्पथ आहे तुला."

शिवानीचा चेहरा उतरला. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. रोज आंघोळीला गेले की चाचपून बघते आणि रडते."

तेवढ्यात आईची हाक आली. सगुणाबाई खांबाला धरून कशाबशा उभ्या होत्या. त्यांनी दोघींना कुंकू लावलं, हातावर खोबऱ्याचे तुकडे ठेवले.

"माझ्यापाशीच संपलं बघा सगळं. आता मी गेले तरी जिवाला घोर नाही."

संचिताने खोबरं तसंच मुठीत धरून ठेवलं. शिवानीने मात्र आपला तुकडा चावून चावून संपवला आणि एकदा ताईकडे बघून हसऱ्या तोंडाने पुन्हा हात पुढे केला.

"आई, अजून एक दे," ती म्हणाली.