तांब्याचा वायसर

सोमनाथनं गाडीची मागची सीट उचलली आणि नाकावर बाही धरली. सीटखाली गुटख्याच्या पुड्या होत्या, कोल्ड्रिंक सांडून चिकट झालेला पत्रा होता, आणि त्या सगळ्यावर मोगऱ्याचा स्प्रे मारलेला होता. पेट्रोलचा वास त्याला आयुष्यभर आवडत आला होता. या गाडीत तोही नासला होता.

"मामा, मागं काय बघता? लोच्या पुढं हाय. त्या कंट्रोलरमध्ये."

जावई दाराला टेकून उभा होता. हातात अर्धी कापलेली पाण्याची बाटली. दर दोन वाक्यांनी तो तिच्यात थुंकत होता.

"कंट्रोलर बरोबर आहे, महेशराव."

"माझा मेकॅनिक, जीवन, तो म्हणला, तोच गंडलाय."

"जीवनला म्हणावं, इथं येऊन सांग."

शर्यतीत जादा जोर मिळावा म्हणून महेशनं गाडीला नायट्रस बसवून घेतलं होतं. डिकीत गॅसची निळी बाटली, आणि पुढं तो गॅस बेतानं सोडणारा कंट्रोलर. आधी तीस टक्के, मग तीन सेकंदांत चढत चढत शंभर. गॅस चढेल तसं पेट्रोलही चढायला हवं. ते कमी पडलं तर इंजिनात नुसती कोरडी आग होते आणि पिस्टनला भोक पडतं. महेशची गाडी साठ टक्क्यांपर्यंत सरळ ओढायची, मग खोकायला लागायची, फटाके वाजवायची. आणि रविवारी सकाळी निफाडच्या पुढं शर्यत होती.

सोमनाथचं डिझेल पंपांचं वर्कशॉप द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत होतं, त्याला पस्तीस वर्षं झाली होती. असली गाडी त्यानं कधी आत घेतली नव्हती. पण इंधन शेवटी नळीतूनच जातं. गॅसची बाटली बंद ठेवून त्यानं कंट्रोलर चालवला आणि गॅसच्या वॉल्व्हची टकटक ऐकली. ती नेमानं वाढत गेली. पंपाला करंट पुरेसा होता. फिल्टर नवा होता. मग त्यानं इंजिनाजवळची नळी सोडवून मापाच्या डब्यात धरली आणि पंप मिनिटभर चालवला. तीन लिटर पडायला हवं होतं, एक लिटर पडलं. तेच मागच्या सीटखाली, टाकीतल्या पंपाच्या तोंडाशी मोजलं तर पुरे तीन भरलं.

म्हणजे मधे काहीतरी अडत होतं. रोजच्या चालण्यात ते कळलं नसतं. जोर लावला की कळत होतं.

"दिशा, टॉर्च दे गं मामांना," महेश ओरडला, आणि हसला. "मामा, तुमची पोरगी एवढ्या वर्कशॉपात वाढली, पण हिला अजून स्टेपनी बदलता येत नाय. माझी शूटिंग करती, त्यात बी हात हलतो."

दिशानं बाकड्यावरून उठून टॉर्च दिला आणि परत जाऊन बसली. सोमनाथनं तिच्याकडं पाहिलं. बाराव्या वर्षी या पोरीनं आख्खा पंप खोलून परत जोडला होता आणि एकही स्क्रू उरला नव्हता. सासरी तिनं हे कधी कुणाला सांगितलं नाही, हे त्याला आज कळत होतं.

तो सीटखाली वाकला. मोगऱ्याचा वास घशात उतरला आणि त्याला रामकुंड आठवलं. बायकोचा, सिंधूचा दहावा. तो डोक्याचा गोटा करून पिंडासमोर हात जोडून उभा होता. कावळा येत नव्हता. बऱ्याच वेळानं एक भिंतीवर बसला, मान वाकडी करून पिंडाकडं बघू लागला, आणि तेवढ्यात पार्किंगमधून फुस्स आवाज झाला. कुणीतरी दाखव म्हटलं म्हणून महेशनं बॉनेटमधून गॅसचा पांढरा फवारा सोडला होता. चार टाळकी हसली. कावळा उडाला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तो फवारा संध्याकाळी मोबाइलवर आला, मागं गाणं लावून. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून सोमनाथनं जावयाच्या चेहऱ्याकडं सरळ पाहिलं नव्हतं.

आता त्याच्या मनात आलं, सोडून द्यावं. झाली गाडी, घेऊन जा म्हणावं. रविवारी इंजिन फुटेल. त्या इंजिनामागं कोण बसलेलं असेल तेही त्याला दिसलं, आणि तरी तो विचार गोड लागला. सिंधू गेल्यापासून जिभेला काही गोड लागलं नव्हतं. लागलं ते हे. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

त्यानं पाना घेतला आणि टाकीजवळचा पहिला जोड उघडला.

आत तांब्याचा वायसर होता. पडलेला नव्हता, बसवलेला होता. मधलं भोक झाळून बंद केलेलं, मग त्यातच एक मिलिमीटरचं नवं भोक पाडलेलं, आणि भोकाची कड घासून साफ केलेली. डिझेल नोझलखाली बसतो तसला वायसर. पेट्रोलच्या गाडीत त्याचं काही काम नाही. सोमनाथच्या टेबलावर मात्र त्यांचा डबा भरलेला होता.

त्यानं जोडाजवळची क्लिप पाहिली. स्क्रू खालच्या अंगाला वळवलेला होता, पुढच्या माणसाचा हात कापू नये म्हणून. ही सवय त्यानं आयुष्यात एकाच माणसाला लावली होती.

"सापडलं का, मामा?"

"महेशराव, कोपऱ्यावर चहा सांगून या."

"फोन करतो ना."

"तो फोन उचलत नाही. जाऊन या."

महेश बाटलीत थुंकला, बाटली बॉनेटवर ठेवली आणि गेला.

सोमनाथ बाकड्यापाशी आला आणि त्यानं मूठ उघडली. दिशानं पाहिलं. दचकली नाही.

"गॅसच्या नळीत टाकला असतास तर तो नुसता हरला असता," सोमनाथ हळू म्हणाला.

"हो."

"पेट्रोलच्या नळीत टाकला तर काय होतं, ठाऊक आहे ना?"

"तुम्हीच शिकवलंय, नाना."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत राहिला. मघाची ती गोडी सोमनाथच्या घशाशी आंबट होऊन आली. तिला रागवायचं तर कोणत्या तोंडानं?

"मग गाडी इथं कशाला येऊ दिलीस?"

"मीच म्हटलं, नानांकडं न्या." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पाच दिवस झाले, घास उतरत नाही. बसवला माझ्या हातानं, पण काढायला हात जाईना. आणि दुसऱ्या कुणाला तो सापडला नसता."

सोमनाथनं वायसर भंगाराच्या पेटीत टाकला. जोड परत बसवला, स्क्रू खालच्या अंगाला ठेवून. इंजिनापाशी पेट्रोल पुन्हा मोजलं. पुरे तीन लिटर.

महेश चहावाल्याला घेऊनच आला.

"काय निघालं?"

"नळीत कचरा."

"बघ दिशा! जीवननं चार दिवस घातले. म्हाताऱ्यानं दुपारी काढलं." त्यानं ग्लास उचलला. "चला मग. रविवारी या बघायला."

"गाडी घेऊन जा," सोमनाथ म्हणाला. "दिशा राहील."

"राहू द्या की. किती दिवस? रविवारी शूटिंगला लागंल."

सोमनाथ चिंधीला हात पुसत राहिला. मग तो जावयाकडं न बघता म्हणाला,

"दिशा, वर जा. कपाटात तुझ्या आईच्या साड्या आहेत, मी अजून उघडलं नाही. त्या बांधून ठेव. दोन्ही कप्पे लागतील तुला."