तळघराच्या न्हाणीखालचा मातीचा नळ

मित्रांनो, मी एक जुना मातीचा नळ आहे. दवनीवाडा गावात झामसिंग पाटलांच्या तळघराखाली चौदा वर्षं जमिनीत पडून आहे. मला कुणी पाहत नाही. तरी या घरात माझ्याइतकं कामाचं दुसरं कुणी नाही, असं मी छाती पुढे काढून सांगेन!

माझा जन्म बिसराम कुंभाराच्या चाकावर झाला. कवेलू, म्हणजे छपराची कौलं, कशी करतात ठाऊक आहे ना? चाकावर नळकांडं ओढायचं आणि ओलं असतानाच मधोमध चिरायचं, की झाले दोन कवेलू. माझे कितीतरी भाऊ असे चिरले गेले आणि छपरांवर जाऊन बसले. आम्हां एकतीस जणांना मात्र बिसरामनं अखंड ठेवून भाजलं. हा मान काही थोडाथोडका नव्हे.

त्याचं कारण होत्या पाटलांच्या आई, सुखवंताबाई. उन्हाळ्यात त्यांचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून पाटलांनी घराखाली गार तळघर खोदलं. पण गुडघ्यांमुळे आंघोळीला नि जेवायला त्यांना सारखं वर चढवेना. तेव्हा तिथंच न्हाणी आणि चूल करायचं ठरलं. प्रश्न होता सांडपाण्याचा. पाटलांनी दोरी लावून पाहिलं. घर उतारावर, त्यामुळे मागच्या बाडीचं, म्हणजे परसाचं, टोक तळघराच्या जमिनीहून दोन हात खाली होतं. म्हणजे पाणी आपोआप बाहेर जाणार होतं.

आणि तिथंच घोटाळा झाला. पाटील धानाचे शेतकरी, त्यांच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, ताटासारख्या सपाट. नळांचा चरही त्यांनी बांधीसारखाच केला. त्यात पाणी भरलं, जिथं माती वर दिसली तिथं खरवडली आणि चर या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी समतल करून टाकला. बिसराम बाजूला उभा राहून बघत होता, पण त्याची जीभ काही रेटली नाही.

न्हाणीत घडाभर पाणी ओतलं. बाडीत थेंबही आला नाही. थोडं पाणी नळांतच साचून राहिलं आणि उरलेलं परत येऊन न्हाणीच्या जमिनीवर पसरलं.

"बिसराम, तुहे नल पानी पिऊन राहिले!" पाटील कडाडले. "उद्या सारे उखडून फेकतो. मंग गावात तुहे कवेलूबी कोनी घेनार नाही!"

बिसराम मान खाली घालून उभा राहिला. चाक बंद पडलं तर त्याच्या घरची चूल बंद. मला तर जमिनीतून ओरडावंसं वाटलं.

पायरीवर बसलेल्या सुखवंताबाई मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "काऊन रे झामसिंग, नलाले काऊन बोलतेस? बांधीत पानी थांबवाचा रायते, इथं बाहेर काढाचा आहे. तू तं नलाचीच बांधी करून ठेवली!" मग त्या बिसरामकडे वळल्या. "तुले मालूम होता ना?"

"होता, मायजी."

"मंग बोलला काऊन नाही?"

"मालकाले कसा सांगू?"

पाटलांनी धोतर वर खोचलं. मग स्वतःच चरात उतरले. बिसराम सांगत गेला आणि पाटील आम्हांला नव्यानं बसवत गेले. दर नळामागे एक बोट उतार, रुंद तोंड वर, निमुळतं टोक खालच्या नळात, आणि सांध्याला चुना नि विटांची भुकटी.

सांधे वाळल्यावर सुखवंताबाईंनी खाली पहिली आंघोळ केली. बिसराम बाडीत श्वास रोखून उभा होता. आम्ही एकतीस जणांनी ते पाणी हातोहात पुढं दिलं आणि ते खळखळत केळीच्या बुडाशी पडलं! पाटील चारचौघांत म्हणाले, "नल खरे आहेत. चूक माही होती." त्या दिवशी मी धन्य झालो.

पुढं सुखवंताबाई गेल्या. चुलीजवळ सांडपाण्यातली राख अडवणारी कुंडी होती, ती त्या दर आठवड्याला साफ करवून घेत. आता ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. यंदा राख आणि भाताची शितं माझ्या गळ्याशी येऊन घट्ट बसली आणि तळघरात पाणी तुंबलं.

"मातीचेच नल, किती दिवस टिकतीन?" पाटलांच्या सूनबाई म्हणाल्या.

"नलाले बोल नोको लावू," असं म्हणत म्हाताऱ्या पाटलांनी बाही वर केली आणि स्वतः त्या घाणीत कोपरापर्यंत हात घालून राखेचा गोळा बाहेर ओढला.

मित्रांनो, आम्ही तुमचं उष्टं-खरकटं मुकाट्यानं वाहून नेतो. कधी तुंबलो, तर आम्हांला आणि आम्हांला घडवणाऱ्याला नावं ठेवण्याआधी एकदा आपण आत काय टाकलं ते पाहा, एवढंच मागणं आहे.