ठोक्याचा डोहाळा

दिग्विजयने मोबाइलची वायर सबवूफरच्या मागच्या भोकात दाबली, गाणं लावलं आणि दोन पावलं मागे सरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. काळ्या पेटीतून आवाज आला. धब्. धब्. धबधब्. धब्. पलीकडच्या खोलीत कोणी गादी बडवतंय की काय, असं वाटावं.

"गाणं कुठं हाय?" प्रगतीने विचारलं. ती कॉटवर पाय लांब सोडून बसली होती. सातवा महिना लागला होता तिला.

"वाजतंय की."

"ही निस्ती हलगी झाली. वरात कुठं हाय?"

दिग्विजयने पेटीला कान लावला. वरातीचा पत्ता नव्हता. गाणं म्हणावं असं त्या पेटीत काही नव्हतंच. होता तो फक्त ठोका.

आता ही एकटी पेटी त्याच्या घरात कशी आली, तर त्याची गंमतच आहे. दिवाळीनंतर दोघा भावांची वाटणी झाली. मोठं भांडण म्हणावं असं काही नव्हतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरला विजयसिंह एक शब्द बोलला, धाकट्या दिग्विजयने त्याला दोन परत केले, आणि मग कोणी थांबायलाच तयार होईना. शेवटी मानसिंगमामा मध्ये पडले. सांगवीतल्या दोघा भावांच्या घराच्या अंगणात पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली आणि घमेल्या-टिकावांपर्यंत सगळं समसमान वाटलं गेलं. राहता राहिलं होम थिएटर. मामांनी त्याचेही दोन वाटे केले. एकीकडे ॲम्प्लिफायर आणि पाच छोटे स्पीकर, दुसरीकडे ही काळी पेटी. 'धाकट्यानं आधी उचलायचं,' मामा म्हणाले. दिग्विजयने छोटे स्पीकर हातात घेऊन पाहिले, अगदीच फुसके. मग पेटी उचलून पाहिली. सगळा जन्म उसात गेलेला माणूस तो. काट्यावर जे जास्त भरतं तेच खरं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. त्याने पेटी घेतली. विजयसिंहने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, पण मामा म्हणाले, 'झालं. पुढचं काढा.'

तेव्हापासून पेटी मुकी होती. प्रगती तिच्यावर दळणाचा डबा ठेवत असे. पलीकडे थोरल्याकडे गाणी वाजत, पण पत्र्यावर वाळू पडावी तशी. आणि दोघे भाऊ रस्त्यात समोरासमोर आले की आपापल्या ट्रॅक्टरच्या चाकांकडे बघत पुढे जात.

असं सगळं सुरळीत तुटलेलं असताना प्रगतीला डोहाळा लागला.

चिंच नको, कैरी नको. दिग्विजयने बारामतीहून भेळ आणली, ती शेजारच्या भागूबाईने मिटक्या मारत संपवली. प्रगतीला हवा होता ठोका. लग्न होऊन ती इंदापूरकडची पोर पहिल्यांदा ह्या उंबऱ्यातून आत आली, तेव्हा हेच होम थिएटर वाजत होतं आणि त्याचा ठोका जमिनीतून थेट तळपायात चढला होता. तोच हवा, गाण्यासकट.

"एमआयडीसीतल्या दोस्ताकडं ब्याटरीवरचा स्पीकर हाय, आणू का?"

"दुसऱ्याचा कशाला? आपला हाय न्हवं? त्योच पायजे. अख्खा."

"अगं पण..."

"मग ऱ्हाऊं द्या," असं म्हणून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

भागूबाईने आळीतली निम्मी बाळंतपणं निभावली होती, त्यामुळे तिच्या शब्दापुढे दवाखान्याचंही फारसं चालत नसे. ती दारातूनच म्हणाली, "डोहाळा मोडला तर लेकराचं कान फुटत्यात, एवढं ध्यानात ठेव दिगू. मंग बस रडत."

दिग्विजयचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण जन्माला यायच्या आत आपल्या लेकराच्या कानांशी कशाला खेळा, असंही त्याला वाटलं.

खरं सांगायचं तर ॲम्प्लिफायरपेक्षा त्याला दादा हवा होता. तोडलेल्या उसाचा खोडवा जोरात फुटला की पहिल्यांदा दादाला बांधावर ओढून न्यायची त्याची सवय. प्रगतीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाही त्याचे पाय आधी दादाच्या खोलीकडेच धावले होते. आता खोडवाही एकट्याने बघायचा आणि आनंदही एकट्याने करायचा. हे सगळं संपवायला एक शब्द पुरला असता. पण आपण तो शब्द टाकला आणि दादा 'न्हाय' म्हणाला, तर? मग ती भिंत कायमची झाली असती. त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणत त्याने इतके महिने ढकलले होते.

संध्याकाळी त्याने शर्ट बदलला आणि मोटारसायकलला किक मारली. शेजारच्या दारात जायला! चालत गेलं तर विनवायला आल्यासारखं दिसेल, असा त्याचा हिशेब. आळीला पूर्ण वळसा घालून तो थोरल्याच्या दारात उतरला.

त्याची वहिनी रेश्मा तुळशीपाशी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"या की भावजी. लई लांबनं आलात! पाणी देऊ का?"

विजयसिंह ओट्यावर बसून फवारणी पंपाच्या नोझलमधला कचरा टाचणीने काढत होता. त्याने मान वर केली नाही. पण टाचणी थांबली.

"काय?"

"ॲम्प्लिफायर पायजे हुता," दिग्विजय एका दमात म्हणाला. "येका दिवसापुरता. माझ्यासाठी न्हाय. हिला डोहाळा लागलाय."

"ॲम्प्लिफायरचा?"

"ठोक्याचा."

रेश्माने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि चटकन मान वळवली. तिचे खांदे हलत होते. विजयसिंहने नोझलमध्ये फुंकर मारली, उजेडाकडे धरून आरपार पाहिलं, पुन्हा फुंकर मारली.

"ॲम्प्लिफायर न्हाय द्यायचा," तो म्हणाला.

दिग्विजयच्या कानशिलात रक्त चढलं. झालं. ज्याला भीत होता तेच झालं. त्याने तांब्या तसाच ओट्यावर ठेवला आणि वळला.

"त्यो हलवला तर समद्या वायरी काढाव्या लागत्यात," मागून विजयसिंहचा आवाज आला. "हितनंच वायर टाकू तिकडं. जा, भितीच्या पलीकडं हुबा ऱ्हा."

दिग्विजय मोटारसायकल तिथेच विसरून पळत घरी आला.

भिंतीवरून वायरीचं वेटोळं आलं. थोरल्याचे नुसते हात दिसत होते, मनगटावर लाल गंडा.

"धरलीस का?"

"धरली."

"ओढ. हळू वढ, कुंडीत अडकंल."

"सोड की जरा."

"सोडली. अजून पायजे?"

"पायजे."

इतक्या महिन्यांत इतकं बोलणं झालं नव्हतं. बोलणं कसलं, वायरीचीच ओढाताण. पण दिग्विजयला हसू फुटत होतं आणि ते दाबताना नाक लाल झालं होतं. वायर खिडकीतून आत गेली, कॉटखालून सरकली आणि बरोबर पेटीपाशी पोचली. वर हातभर उरली. त्याने टोक भोकात खुपसलं. पलीकडून रेश्माने गाणं लावलं.

ठोका आला, पण आजारी माणसाच्या नाडीसारखा. दळणाच्या डब्याचं झाकणही हललं नाही.

"आला का?" भिंतीपलीकडून विजयसिंह ओरडला.

"आलाय, पर दम न्हाय त्यात!"

"किती भोकात घातलीस?"

"येकाच! टोकच येक हाय!"

"आरं येड्या, लेफ्ट आन राइट, दोन्हीत जायला लागती. थांब तितंच!"

आणि मग ते घडलं. पायताणांचा आवाज आळीतून आला, दारात थांबला, जरा खाकरला. प्रगतीने डोक्यावरून पदर घेतला. विजयसिंह खाली मान घालून आत आला, जणू रोजचंच येणं आहे, आणि पेटीसमोर उकिडवा बसला. शर्टाच्या खिशातून त्याने एक छोटं पाकीट काढलं आणि दाताने फोडलं. आत वीतभर वायर होती. एका बाजूला एक टोक, दुसऱ्या बाजूला दोन.

"ही लांब वायर हिच्यात घालायची. आन ही दोन टोकं त्या दोन भोकात. मंग दोन्हीकडनं माल जातुय."

दिग्विजयने जमिनीवर पडलेलं पाकीट उचललं. बारामतीच्या दुकानाचं होतं. प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं आणि कोपऱ्यात धूळ घट्ट बसली होती.

"ही कवा आणलीस?"

"आणली हुती."

"पर कवा?"

विजयसिंह टोक भोकात बसवत होता. ते बसलं तरी तो दाबतच राहिला.

"वाटणीच्या दुसऱ्या दिशी. ही आन ती लांब वायर, दोन्ही. तू निस्ती पेटी उचलून निघालास. म्हनलं, न्हेऊन करनार काय? आज ना उद्या येशील इचारायला." तो थांबला. "लई वाट बघाया लावलीस लेका."

दिग्विजय मुद्दाम पेटीच्या मागे वाकला, नसलेली धूळ हाताने झटकू लागला आणि तिथूनच म्हणाला, "मला वाटलं हुतं तू न्हाय म्हणशील."

"वाटलं हुतं! तुला पेटी जड लागली म्हंजी भारी वाटली. तुझं वाटणं काय सांगतुस?"

"मंग तवाच बोलायचं न्हाय का?"

"बोलत हुतो. मामा म्हनलं पुढचं काढा!"

दोघेही एकदम हसले. मोठ्याने, अगदी पोट धरून. विजयसिंहने उठून खिडकीतून हाक मारली, "रेश्मा, लाव! फुल लाव!"

मग जे काही झालं ते आळीने ऐकलं. गाणं त्या घरातून आलं आणि ठोका ह्या घरातून. दळणाच्या डब्याचं झाकण थडथडलं, मांडणीतल्या वाट्या किणकिणल्या. धड ऐकायचं तर एकच जागा होती, ती म्हणजे अंगणात, भिंतीला टेकून. दोघे भाऊ तिकडे धावले. भागूबाई पदर खोचून आली आणि गिरक्याच घ्यायला लागली. "आता तर लेकराचं कान पोटातच फुटत्यात गं बया!" असं ओरडत तिने विजयसिंहलाही हाताला धरून ओढलं, आणि तो गंभीर गडी चांगला चार उड्या मारून मोकळा झाला. दिग्विजय टाळ्या वाजवत होता आणि मध्येच बाहीने डोळे पुसत होता. कोणी बघितलं तर बघू दे, असं त्याला झालं होतं.

रेश्मा गाणं लावून इकडच्या घरात आली तेव्हा प्रगती कॉटवर नव्हती. ती स्वयंपाकघराच्या पार आतल्या कोपऱ्यात, पोत्यांच्या थप्पीआड बसली होती, पदर कानांवरून गच्च गुंडाळून, डोळे मिटून.

रेश्माने तिच्यासमोर मूठ उघडली. देवघरातल्या दोन फुलवाती होत्या.

"घाल कानात."

"अक्का, किती येळ चालायचं हे?" प्रगती रडवेली झाली होती. "ल्हानपणापास्नं मला मोठा आवाज सोसत न्हाय. डोकं फुटायची पाळी आली. इंदापूरला न्यायला कवा येत्यात, आसं झालंय मला. तुमी ह्या डोहाळ्याच्या जागी दुसरं कायतरी सुचवलं आसतं तर बरं झालं आसतं."

"दुसरं काय सुचवायचं? भावजी भेळ आणून मोकळं झालं हुतं की. हिकडं ये."

तिने प्रगतीला हाताला धरून खिडकीपाशी आणलं. अंगणात गाणं संपून दुसरं लागलं होतं. भागूबाई दमून पायरीवर बसली होती. दोघे भाऊ मात्र भिंतीला पाठ लावून खाली बसले होते, गुडघ्याला गुडघा टेकवून, आणि एकाच वेळी बोलत होते. दिग्विजय हातवारे करून खोडव्याची उंची दाखवत होता. विजयसिंहचं मत काही वेगळं होतं आणि तो ते ठासून सांगत होता. ठोक्यामुळे एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोघांनाही आणखी जवळ सरकावं लागत होतं.

प्रगती बराच वेळ बघत राहिली. मग तिने एक फुलवात उजव्या कानात घातली, दुसरी डाव्या कानात घातली आणि पोटावर हात ठेवला.

"अक्का," ती म्हणाली, "आजून जरा वाढवायला पायजे."